एक बंदर जास्तीचं

माझी बहीण इमोजीन आणि तिचा नवरा हॉइट यांची आयुष्यभर एकाच गोष्टीवरून वादावादी चालायची. बोटीवर गेल्यावर दिवस पाण्यात काढायचा की बंदरात? दुसऱ्या कुठल्या विषयावर त्यांना धड भांडता यायचंच नाही.

आमच्या मोबील शहराच्या बंदरातून चार-पाच दिवसांच्या कॅरिबियन सफरी निघतात. त्या दोघांनी मिळून चौदा केल्या असतील. हॉइटनं एकतीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. त्याला सुट्टी म्हणजे वरच्या डेकवर सावलीतली खुर्ची, चहूकडे पाणी, आणि कुणी काही विचारायला न येणं. इमोजीन कापडाच्या दुकानात होती. तिला बंदर लागायचं, दुकानं लागायची, घासाघीस करायला माणूस लागायचं.

"पाणीच बघायचं तर घरामागं खाडी आहे की," ती म्हणायची. "टाक खुर्ची नि बस."

"खाडीवर तू असतेस," हॉइट म्हणायचा.

मग ती त्याला टोपीनं मारायची. मी वेल्डा, तिच्याहून सहा वर्षांनी लहान, त्यांच्याच वस्तीत तीन गल्ल्या पलीकडे राहते. माझा नवरा गेल्यापासून मीही त्यांच्याबरोबर जायला लागले होते, आणि ही वादावादी मला पाठ होती.

दोन वर्षांपूर्वी इमोजीन विसरायला लागली. सुरुवातीला नावं, मग रस्ते. एकदा मी तिच्याकडे गेले तर ती स्वतःच्याच स्वयंपाकघरात पर्स मांडीवर घेऊन अवघडून बसली होती. मला हळूच म्हणाली, "या घरातली माणसं कधी येतील गं? मला निघायचंय." हॉइट तेव्हा शेजारीच भांडी घासत होता. त्यानं मान वर केली नाही.

गेल्या फेब्रुवारीत अशा आजाऱ्यांना सांभाळणाऱ्या घरातून निरोप आला की एप्रिलमध्ये एक खोली रिकामी होतेय. हॉइटनं हो म्हटलं. आणि त्याच आठवड्यात मला बोलावून टेबलावर दोन कागद ठेवले.

"मार्चमध्ये एकदा नेतो तिला. शेवटचं. ही चार रात्रींची. कोझुमेल एकच बंदर, बाकी दोन दिवस पाणी. ही पाच रात्रींची. पाणी तेवढंच, पण कोझुमेलनंतर प्रोग्रेसो. तू सांग."

"तुला काय वाटतं?"

"मला काय, मी चारचीच म्हणणार. मी नेहमी तेच म्हणतो. तिथली नर्सही म्हणाली, नव्या जागा दाखवू नका, एकच खोली, एकच खुर्ची बरी." त्यानं चष्मा काढून डोळे चोळले. "पण हे मी तिच्यासाठी म्हणतोय की माझ्यासाठी, तेच कळत नाही."

इमोजीन टेबलाच्या टोकाला बसून एका रुमालाची घडी घालत होती. घालायची, मोडायची, परत घालायची.

"तिला आज विचारता आलं असतं तर ती काय म्हणाली असती?" मी विचारलं.

"बंदर."

"मग झालं तर!"

असं मी म्हणाले. अगदी सहज, एखादं कोडं सोडवल्यासारखं.

"कोण जातंय?" इमोजीननं विचारलं.

"आपण. बोटीनं."

"अय्या, मलापण नेताय?" ती इतकी खूश झाली की आम्ही दोघंही हसलो.

पहिला दिवस पाण्याचा. मी धास्तावले होते, पण तो दिवस फार छान गेला. हॉइटनं तिला वरच्या डेकवर नेऊन बसवलं, पायांवर घोंगडी टाकली, आणि तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला तो दुपारपर्यंत सोडला नाही. "कधी पोहोचणार?" असं तिनं वीसेक वेळा विचारलं असेल. तो दरवेळी "येईलच आता" म्हणायचा, आणि तिला ते पटायचं. जेवणाच्या वेळी मी त्यांना बोलवायला गेले तर हॉइट मला म्हणाला, "बघ, चौदा सफरींनंतर ही माझ्या बाजूला आली."

दुसऱ्या दिवशी कोझुमेलला वारा होता. आम्ही धक्क्यावरच्या दुकानांपर्यंतच गेलो आणि तासाभरात परतलो. ती दमली, पण घाबरली नाही. संध्याकाळी हॉइट म्हणाला, "उद्या उतरायलाच नको. सगळे खाली गेले की बोट रिकामी असते. कालच्यासारखं बसू वर."

"मग पाचवी रात्र कशाला घेतलीस?" मी म्हणाले. "घरी गेल्यावर तुलाच टोचेल, तिला शेवटचं बंदर दाखवलं नाही म्हणून."

 सकाळी तो नाश्त्याला तिन्ही टोप्या घेऊन आला.

प्रोग्रेसोला बोट गावापासून चार मैल दूर, लांबलचक धक्क्याच्या टोकाला लागते. तिथून बस गावात सोडते. आम्ही किनाऱ्यावरच्या एका खानावळीत बसलो, अख्खा तळलेला मासा मागवला, हॉइटनं काटे काढून तिला भरवला. ऊन छान होतं. शेजारीच एक बाई टेबलावर भरतकामाचे झगे मांडून बसली होती. इमोजीन उठली, सरळ तिच्याकडे गेली, आणि एक झगा उलटा करून आतले टाके बघितले.

"हे मशीनचं आहे," ती म्हणाली. "हातचं दाखव."

बाईला शब्द कळले नसतील, पण अर्थ बरोबर कळला. तिनं हसत हसत टेबलाखालून दुसरं गाठोडं काढलं. मग दोघींची जी जुंपली! बोटांनी, माना हलवून, तोंड वाकडं करून. इमोजीन झगा ठेवून चालायला लागली, बाईनं परत बोलावलं, ती परत आली. सगळं पूर्वीसारखं. मी बघतच राहिले. शेवटी सौदा झाला आणि ती मागं वळून, हात पुढे करून म्हणाली, "हॉइट, सुट्टे दे."

पाच महिन्यांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. त्यानं पाकीट काढलं, पैसे दिले, आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते.

आम्ही तेव्हाच निघायला हवं होतं. पण ती इतकी मजेत होती, आम्ही आणखी तासभर बसलो.

साडेतीनला बसच्या थांब्यावर आलो. साडेचारच्या आत बोटीवर चढायचं होतं. इमोजीननं धक्क्याच्या टोकाला दिसणारी पांढरी बोट बघितली आणि थबकली.

"तिकडे नाही. घरी जायचं."

"घरीच जातोय," हॉइट म्हणाला आणि तिचा हात धरला.

तिनं हात हिसडला. त्यानं परत धरला. ती किंचाळली. अशी किंचाळी मी तिच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. लोक थांबले. ती पळत त्या झगेवालीच्या टेबलापाशी गेली आणि टेबलाचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. एक पोलीस आला. त्याला थोडं इंग्रजी येत होतं.

"बाई, हे तुमचे कोण?"

"माहीत नाही. सकाळपासून मागं लागलाय. मला कुठंतरी घेऊन चाललाय."

हॉइटनं पासपोर्ट दाखवले, बोटीची कार्डं दाखवली. पोलिसानं बघितली, पण इमोजीनचं रडणं थांबेना. मग हॉइटनं पाकिटातून त्यांच्या लग्नाचा फोटो काढला. गुडघे टेकून तिच्यासमोर बसला.

"इमोजीन, हे बघ. हे कोण?"

तिनं फोटो बघितला. तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "हॉइट," ती म्हणाली.

"तोच मी."

तिनं फोटोतल्या काळ्याभोर केसांच्या पोराकडे बघितलं, मग समोरच्या टकलाकडे. "हा हॉइट आहे," ती पोलिसाला म्हणाली. "हा नाही. या माणसानं त्याचा फोटो चोरलाय."

चार वाजले. बस उभी होती, पुढे एकच उरली होती. पोलीस माझ्याकडे बघत होता. हॉइट तसाच गुडघ्यांवर होता, उठायचं त्याच्या लक्षातच येत नव्हतं. मी इमोजीनजवळ वाकले आणि पहिलं सुचलं ते बोलून गेले.

"अगं, आई बोटीवर वाट बघतेय. उशीर झाला तर रागवेल."

आमची आई जाऊन एकोणीस वर्षं झाली आहेत.

इमोजीननं टेबलाचा पाय सोडला. "आई आलीये? आधी नाही सांगायचं?" ती उठली, डोळे पुसले, माझा हात धरून बसमध्ये चढली. हॉइट शेवटच्या बाकावर, तिला दिसणार नाही असा बसला. नवा झगा त्याच्या मांडीवर होता.

शेवटचा दिवस पाण्याचा. हॉइट जशा दिवसासाठी बोटीवर यायचा तसाच दिवस होता, वारा नाही, लाट नाही. इमोजीन सकाळी उठली आणि आईला शोधायला निघाली. मी म्हटलं, आई झोपलीये. म्हटलं, आई जेवायला गेलीये. एकदा खोटं बोलले होते, आता त्याला अंत नव्हता. ती लांब बोळातून एकेक दार ठोकत गेली. वर खुर्च्यांवर ऊन खात पडलेल्या लोकांसमोर उभी राहून विचारायची, "माझ्या आईला बघितलंत का? निळा कोट आहे तिचा." कुणी नजर चुकवायचं, कुणी "नाही हो" म्हणायचं. एका म्हाताऱ्यानं चक्क उठून तिच्याबरोबर थोडं शोधलं.

हॉइट दहा पावलं मागून चालत होता. जवळ आला की ती ओरडायची, म्हणून दहा पावलं. ती जिना चढली की तो चढायचा, ती थांबली की तो कठड्याला टेकून पाण्याकडे बघितल्यासारखं करायचा. जेवणापर्यंत, जेवणानंतर, दिवेलागणीपर्यंत. शेवटी बोटीवरच्या डॉक्टरनं औषध दिलं आणि ती झोपली. मी हॉइटला म्हटलं, तू पण पड जरा.

"कुठं?" त्यानं विचारलं. त्या दोघांची केबिन एकच होती, आणि जागी झाल्यावर तिला तो दिसून चालणार नव्हतं. तो माझ्या केबिनमध्ये झोपला, मी तिच्याजवळ.

मोबीलला आल्यावर त्या आजाऱ्यांच्या घरानं तिला ठरल्याआधीच घेतलं. घरी तो तिच्यासमोर जाऊच शकत नव्हता, मग दुसरं काय करणार? तिथंही तो भेटायला गेला की ती पलंगाखाली शिरायला बघायची. तिथल्या बाईनं त्याला फार गोड शब्दांत सांगितलं की काही दिवस येऊ नका. ते काही दिवस संपलेच नाहीत.

मग दर रविवारी तो मला गाडीतून सोडायचा आणि बाहेर गाडीतच बसायचा. मी आत तासभर बसून यायचे. एकदा परतताना त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"चार रात्रींचीच घेतली असती तर," तो म्हणाला. "कोझुमेलला तासभर, नि परत. विसरली असतीच मला. पण घाबरली नसती."

"हॉइट, चूक माझी. मीच म्हणाले बंदर. प्रोग्रेसोलाही मीच उतरवलं."

"तू नाही. तीच म्हणाली असती." मग माझ्याकडे वळला. "पण 'हॉइट, सुट्टे दे' म्हणाली ना गं? तू ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"बोटीवर बसून राहिलो असतो तर ते ऐकायला मिळालं नसतं. रोज रात्री हेच घेऊन बसतो. एवढ्या एका वाक्यासाठी हे सगळं... ती तिथं आत मला भिऊन आहे, वेल्डा. आता या घडीला. तिला मी म्हणजे चोर वाटतो."

 मी त्याचा खांदा थोपटला. त्यानं गाडी सुरू केली.

सप्टेंबरपासून तो गाडीतही बसायला येत नाही. मी एकटीच जाते. आल्यावर त्याला फोन करते, आज जेवली, आज नाही, असं सांगते. तो "बरं" म्हणतो. मग फोन ठेवतो.