शेंदराचा ठिपका

सन एकाहत्तरमध्ये श्रीगोंद्याच्या शाळेत खाऱ्या पाण्याची काचपेटी करायचे ठरले. शिपाई भिमाजीने मुंबईहून एसटीत कॅन मांडीवर धरून समुद्राचे पाणी, दोन मासे आणि वाळक्या पोवळ्याचा पांढरा तुकडा आणला. शास्त्राच्या गोरक्ष सरांना तो तुकडा हाडासारखा वाटला. त्याऐवजी त्यांनी शेताच्या बांधावरचा भोकाभोकांचा काळा दगड निवडला. त्याच्या खाचेत जुना शेंदूर होता. कुणीतरी पुजलेला दगड, हे कळूनही सरांनी तो ब्रशने वरवर घासून पेटीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी मासे उलटे तरंगत होते.

"माझंच चुकलं, सर," भिमाजी म्हणाला. "पानी कमी झालं म्हनून पेलाभर इहिरीचं घातलं हुतं."

शेंदरात विषारी शिसे असते, हे सरांनीच नववीला शिकवले होते. तरी ते गप्प राहिले. भिमाजी मासे फडक्यात गुंडाळू लागला.

"पेलाभर पाण्याने मासे मरत नाहीत," सर अखेर म्हणाले. "दगडाला शेंदूर होता. मला दिसला होता."

भिमाजीने फडके बाजूला ठेवले. मग त्याने बाही वर करून दगड बाहेर काढला.

"चला सर, जागेवर ठिवून येऊ. मासे बी तिथंच पुरू."