इंग्रजी कोट

वेंडलने खुंटीकडे हात नेला आणि तो तसाच हवेत राहिला. कोट जागेवर नव्हता.

"कोणी नेला?" त्याने जेवणाच्या टेबलाकडे वळून फ्रेंचमध्ये विचारलं. "मला आईला फोन करायचाय."

"सूप निवतंय," ओडेसा म्हणाली. "आई कुठे पळून जात नाही. बस आधी."

कॉलेजच्या या फ्रेंच घरात उंबऱ्याच्या आत इंग्रजीला बंदी होती. राहायला येतानाच सगळ्यांनी तशी सही केलेली. इंग्रजी बोलायचं तर बाहेर ओसरीवर जायचं, मग मिनेसोटातला बर्फाळ फेब्रुवारी का असेना. त्यासाठी दाराशी एक भलामोठा तपकिरी कोट टांगलेला असे. कधीकाळी कुणीतरी मागे सोडून गेलेला. ज्याला घरची आठवण येई तो त्यात शिरून बाहेर पडे. त्यामुळे कोण किती कासावीस आहे हे विचारावं लागत नसे, कोट कुणाच्या अंगावर आहे ते पाहिलं की झालं. वेंडलचं अर्धं बिस्किट कोटाच्या खिशात कायमचं वस्तीला होतं. ओडेसा दक्षिणेतली, तिला थंडी सोसत नसे, म्हणून तिचं फोनवरचं प्रेमप्रकरण फार आटोपशीर चाललं होतं. आणि थिया हाल्वर्सनने तर कोटाला कधी बोटही लावलं नव्हतं.

थिया म्हणजे घराची कोतवाल. आत चुकून इंग्रजी निघालं तर त्या जेवणाची सगळी भांडी त्या माणसाने घासायची, हा नियम जुनाच. पण तो पाळला जाई तो तिच्यामुळे. मागे वेंडलचा अंगठा टेबलाच्या पायावर आपटला तेव्हा त्याने शिवी हासडली ती इंग्रजीत. तो एका पायावर नाचत असतानाच थियाने त्याच्या हातात घासणी दिली होती. तिचं स्वतःचं फ्रेंच पुस्तकातून उचललेलं, कडक इस्त्रीचं. तिने मीठ मागितलं तरी सरकारी पत्र आल्यासारखं वाटे.

"आपण सर्व येथे उपस्थित आहोत," ती आता म्हणाली. "मग कोट कोणी परिधान केला आहे?"

एकच खुर्ची रिकामी होती. मायेलची.

मायेल या घरातली एकमेव अस्सल फ्रेंच. समुद्रकाठच्या गावातली, होडीत वाढलेली. मुलांचं फ्रेंच सुधारावं म्हणून कॉलेजने तिला वर्षभरासाठी इथे आणून ठेवलं होतं. तिला कोट कशाला लागावा?

वेंडलने पडदा सारला. ओसरीवरच्या दिव्याखाली मायेल कोटात बुडून उभी होती. हातात फोन नव्हता. समोर भिंतीला बर्फ काढायचं फावडं टेकवलेलं होतं आणि ती त्याच्याशी बोलत होती. मान झुकवून, हसून, मग पुन्हा पहिल्यापासून.

"फावड्याशी इंग्रजीत बोलतेय," वेंडल कुजबुजला.

ओडेसाने काचेला कान लावला. "मला मुलं आवडतात. मला होडी आवडते. मला मुलं आवडतात..." ती ऐकलेलं फ्रेंचमध्ये सांगत गेली आणि थांबली. "अरे देवा. गुरुवारची तयारी."

"गुरुवारी काय आहे?"

"उत्तरेकडे तळ्याकाठी मुलांचं शिबिर असतं, तिथल्या बाईंचा फोन येणार आहे. जूनपासून उन्हाळाभर मुलांना होडी शिकवायची. काम मिळालं तर ती राहील, नाही तर मे महिन्यात घरी. आणि घरी तिने सांगून ठेवलंय, इंग्रजी आता पाण्यासारखं येतं म्हणून."

"येत नाही?"

"कुठून येणार? बिचारी इंग्रजी शिकायला अमेरिकेत आली, आणि एवढ्या मोठ्या देशात नेमकी आपल्या घरात सापडली."

वेंडलला हसू आलं आणि मग हसल्याची लाजही वाटली. "मग आपणच बोलू तिच्याशी. गुरुवारपर्यंत. इथेच, जेवताना."

दोघांनी थियाकडे पाहिलं. थियाने चमचा वाडग्यात ठेवला, आवाज होऊ न देता.

"घरात नाही," ती म्हणाली. "स्वाक्षरी केलेली आहे."

"अगं, पण तिची नोकरी..."

"घरात नाही."

ती उठली. आपलं जाकीट चढवलं, टोपी कानांवर ओढली आणि दार उघडून बाहेर गेली.

"गेली पकडायला," वेंडल म्हणाला. "आता फावड्यालाही भांडी घासावी लागणार."

बाहेरून इंग्रजीत एक आवाज आला. तो कुणाचा, हे क्षणभर दोघांनाही कळेना.

"अगं बये, त्या फावड्याला काय सांगत बसलीस? ते काय नोकरी देणाराय तुला? हिकडं बघ. मी शिबिराची बाई. लई खडूस. हं, सांग बघू, होडीतनं पोरगं पाण्यात पडलं तर काय करशील?"

ओडेसाने वेंडलकडे पाहिलं. इतके महिने ज्या थियाबरोबर जेवलो ती ही नव्हेच. ही शेतावरची होती, चार भावांच्या गलक्यात स्वतःचा घास राखत वाढलेली.

"मी... उडी मारते," मायेल म्हणाली. "मुलाला काढते."

"आन् त्ये रडाया लागलं तर?"

मायेलने विचार केला. "मी पण रडते?"

थिया इतक्या मोठ्याने हसली की पलीकडच्या घरातला कुत्रा भुंकायला लागला.

त्यानंतर सूप भराभर संपू लागलं. आत फ्रेंच, बाहेर इंग्रजी. नियमाला कुठेही धक्का नाही. वेंडल ओसरीवर हट्टी मुलगा झाला आणि काही केल्या लाइफ जॅकेट घालेना. ओडेसा दोन गोधड्या गुंडाळून तक्रारखोर आई झाली आणि तक्रार अर्धवट टाकून आत पळाली. संध्याकाळी कोट मायेलच्याच अंगावर असल्यामुळे वेंडलने आईला दुपारीच फोन केला. एवढ्या थोडक्यात बोलून त्याने फोन ठेवला, की मुलगा आजारी तर नाही ना, असं आईला वाटलं.

गुरुवारी फोन ऐन जेवणाच्या वेळी वाजला. मायेलने कोट घातला आणि दार ओढून घेतलं.

आत कुणी चमचा उचलला नाही. काचेतून ती येरझाऱ्या घालताना दिसत होती. एकदा हसली. एकदा फोन कानाशी घट्ट दाबून नुसती ऐकत राहिली. मग मोकळा हात हवेत वल्हं मारू लागला. थिया पावाचे तुकडे करत होती. तुकड्यांचा ढीग झाला तरी तोंडात एकही गेला नाही.

दार उघडलं. आधी गारठा आत आला, मग मायेल. गाल लाल, थंडीने की कशाने, सांगता येईना. तिने दार लावलं, सगळ्यांकडे पाहिलं आणि कोटाचं पहिलं बटण काढायला घेतलं. अगदी सावकाश.

"काय झालं? बोल की गं, मेले! जीव घेतीस का?"

थिया ओरडली होती. इंग्रजीत.

वेंडलने तोंडावर हात ठेवला. ओडेसा छताकडे बघू लागली. मायेलचा हात बटणावरच थांबला. मग ती चालत मोरीपाशी गेली, घासणी उचलली आणि दोन्ही हातांनी, एखादा मानाचा नारळ द्यावा तशी, थियापुढे धरली.

"आपण," ती थियाच्याच इस्त्रीच्या फ्रेंचमध्ये म्हणाली, "सर्व भांडी घासावीत."

थियाने बाह्या सारल्या. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती, पण नियमाविरुद्ध ती बोलणार कशी! तिने नळ सोडला. मायेल फडकं घेऊन तिच्या शेजारी उभी राहिली, कोट अजून अंगावरच. विचारायचा धीर कुणालाच होईना. एक ताटली पुसून झाली, दुसरी झाली.

"वेंडल," तिसरी ताटली उजेडात धरून मायेलने विचारलं, "तुझं गाव उत्तरेकडचंच ना? तिकडे जुलैत डास फार असतात का रे?"