सुईआधीचा प्रश्न

एकेचाळीस सालची गोष्ट. हैदराबादेत महिनाभर राहून डॉक्टर विश्वंभर इन्शुलिन शिकून आले, आणि हिंगोलीच्या दवाखान्यात पाय ठेवतात न ठेवतात तोच मास्तरकी गळ्यात पडली. कळमनुरीहून डॉक्टर बंडोपंत आले, वसमतहून डॉक्टर व्यंकटराव. दवाखान्यात ठेवलेला मधुमेहाचा रोगी कसा सांभाळायचा, हे दोघांना शिकायचं होतं. शिकायला रोगी एकच, गंगूताई. देवळातल्या पुजाऱ्यांच्या विधवा. पाठीवर ही एवढी काळपुळी, अंगात ताप, आणि लघवीला मुंग्या लागायच्या इतकी साखर.

"सुईआधी रोग्याचं खाणं झालं का ते विचारायचं," विश्वंभर म्हणाले. "उपाशी माणसाला ही सुई म्हणजे विष. रक्तातली साखर तळाला जाते, वेळेत पोटात काही गेलं नाही तर माणूस दगावतो." आणि विचारूनच दाखवलं. "गंगूताई, जेवण झालं का?"

"झालं की," गंगूताई म्हणाल्या.

आठ वाजता त्यांना पहिली सुई दिली. मग तिघं पलीकडच्या खोलीत लघवी तपासायला बसले. स्पिरिटच्या दिव्यावर निळं पाणी उकळायचं, विटकरी झालं की साखर. व्यंकटरावांना तो खेळ इतका आवडला की त्यांनी तीनदा करून पाहिला. दहाच्या सुमाराला सखुबाई आया दारात येऊन म्हणाली, "आता बरं हाय, साहेब. म्हातारीला चांगला घाम सुटून राहिला. ताप उतरला. निजली गपचिप."

अहो, घाम म्हटल्याबरोबर उठायला नको? पण तापकऱ्याला घाम सुटला की आपल्याकडं सगळं घर हुश्श करतं, आणि डॉक्टर झाला तरी माणूस त्याच घरातला. विश्वंभर "बरं झालं" म्हणाले आणि पुढची नळी हातात घेतली. साखर तळाला गेली की आधी घामच सुटतो, हे हैदराबादेत शिकलेलं आठवून ते धावले, तोवर वीस मिनिटं गेली होती. गंगूताई ओल्याचिंब, दातखीळ बसलेली. शिरेतून ग्लुकोज दिलं, पुन्हा दिलं. अकराला सगळं संपलं.

विश्वंभरांना रडू आलं नाही, भीती वाटली नाही, काहीच झालं नाही. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि परत धुतले.

तेवढ्यात गंगूताईंची सून कालिंदी सासूचा डबा घेऊन आली. बंडोपंत लगबगीनं पुढं झाले. "काळपुळीनं घात केला, बाई. गेल्या त्या."

"काळपुळीनं नाही," विश्वंभर सपाट आवाजात म्हणाले. "मी उपाशीपोटी सुई दिली. त्या सुईनं गेल्या."

कालिंदी डबा घेऊन तिथंच खाली बसली. म्हणाली, "तुम्ही विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं. झालं म्हणाल्या."

"म्हणणारच की! नाही म्हटलं तर विचारणाऱ्याला वाढावं लागतं. जन्मात कुणाला नाही म्हणाल्या नाहीत. आंघोळ-पूजा होऊन माझ्या हातचा डबा येईतो पाण्याचा थेंब घेत नव्हत्या त्या." तिनं डबा मांडीवर घट्ट धरला. "रोज नवाला येते हो मी. आज सरपण ओलं होतं, चूल पेटेचना. डॉक्टरसाहेब, मी नवाला आले असते, तर?"

बंडोपंत आणि व्यंकटराव मास्तरांकडं बघायला लागले. उत्तर दोघांनाही ठाऊक होतं, सकाळीच शिकले होते.

"तरीही गेल्याच असत्या," विश्वंभर म्हणाले.