तिरका खिसा

मावशी शिवणकामाला लागल्या तेव्हा परदेशी कापडाला बंदी होती, लोक ते पेटीत लपवून आणत. इथल्या शर्टाची एक बाही बोटभर आखूड निघाली तरी दुकानदार म्हणायचा, "घ्या हो, धुतल्यावर बसेल!" आणि लोक घ्यायचे. दुसरा शर्ट होता कुठे? मावशींनी मात्र वाकडी टीप कधी हाताखालून जाऊ दिली नाही. त्या शिवत त्या कारखान्याचा मालक त्यांचा भाचा, म्हणून त्या सगळ्यांच्याच मावशी.

यंदा पहिल्यांदाच परदेशातून मागणी आली, कामगारांच्या कोटांची. आधी वीस कोट त्यांनी पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम शिवून दाखवायचे. पसंत पडले तर वर्षभर काम, नाहीतर चाळीस बायका घरी. वीस कोट गेले आणि आठवड्यात परत आले.

"मावशी, खिसे सरळ का लावलेत?" भाच्याने विचारलं.

"नमुन्यातले तिरके होते. कुणीतरी डुलक्या घेत शिवले असणार. मी वीसच्या वीस ओळंब्यात आणले. आभार मानले का त्यांनी?"

"आभार? खिसे पट्टी लावून मोजलेत त्यांनी! परवा दुपारपर्यंत नवे गेले नाहीत तर काम शेजारच्या देशाला."

"म्हणजे दुसऱ्याची चूक गिरवू? उभ्या जन्मात वाकडं शिवलं नाही रे. आता म्हातारपणी हात बाटवू?"

"बोलणं तेवढं वाकडं चालतं वाटतं," काजं करणारी पुटपुटली. बायका खुदखुदल्या.

"थांबा, दाखवतेच तुम्हाला," म्हणत मावशींनी खुंटीवरचा नमुन्याचा कोट अंगात चढवला. हात खाली सोडला, तो आपसूक खिशात गेला. बाहेर काढला, सोडला, पुन्हा आत. मग परत आलेला, स्वतः शिवलेला कोट घातला. खिशात हात घालायला कोपर उचलावं लागलं, मनगट मुरडावं लागलं.

खुदखुदणाऱ्या बायका जवळ सरकल्या.

"तो डुलक्या घेत नव्हता," मावशी हळूच म्हणाल्या. "त्याने कोट घालणाऱ्याकडे बघितलं. मी नुसती कोटाकडेच बघत बसले."

त्यांनी पुठ्ठ्याचा तिरका साचा कापला आणि स्वतः मशीनवर बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळीच नव्या कोटांची पेटी गेली.

काम मिळालं. भाचा पेढा मागावा तसा हात पुढे करून उभा राहिला. मावशींनी त्या हातावर सरळ खिशांचा एक कोट ठेवला.

"हा तू वापर."

"मी का?"

"दर वेळी मनगट मुरडलं की कोट घालणारा आठवेल."

"चूक तुमची आणि शिक्षा मला?"

"माझा दुसरा आहे," मावशी म्हणाल्या आणि तसाच सरळ खिशांचा आपला कोट अंगावर ओढून घेतला.