बसता न येणारा पोशाख

वादळवीराला बसता येत नाही, हे प्रेक्षकांना कधीच कळलं नाही. पडद्यावर हा गडी इमारतींवरून उड्या मारी, पूल खांद्यावर पेली. पण तो निळा पोशाख अंगाला इतका घट्ट की खाली बसला की मागची शिवण गेलीच म्हणून समजा. म्हणून दोन शॉटच्या मधे तो एका तिरक्या फळीला टेकून उभा राही. आठ सिनेमे झाले, अकरा वर्षं झाली, या माणसाने कामावरचा चहा कधी बसून घेतला नाही.

पोशाख शिवणाऱ्या होत्या मावशी. त्यांचं शिवणघर स्टुडिओच्या मागच्या अंगाला, रंगाच्या डब्यांच्या गोदामाला लागून. चार मशिनं, कापड बेतायचं एक लांब टेबल आणि टेबलाच्या खणात वही. त्या वहीत हिरोची सगळी मापं होती.

वहीला एवढं महत्त्व यायचं कारण हिरोचा शब्द. पहिल्या भागाच्या वेळी तो सगळ्यांदेखत म्हणाला होता, "मावशी, ज्या दिवशी कमरेचं माप बदलेल, त्या दिवशी हा पोशाख खुंटीला. पोट सुटलेला वादळवीर कुणाला बघायचाय?" तेव्हापासून प्रथाच पडली. नवा भाग ठरला की हिरो शिवणघरात येई, आरशाकडे तोंड करून उभा राही. मावशी मागून टेप लावत, "बत्तीस" म्हणत, वहीत बत्तीस लिहीत, आणि तो जाऊन सही करी.

आता खरं सांगायचं तर बत्तीस चौथ्या भागालाच संपले होते. त्या वर्षी हिरोची आई गेली. तो माप द्यायला आला तेव्हा चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले, आणि टेप तेहतिसावर. ते सांगणं मावशींच्या जिवावर आलं. "बत्तीस," त्या म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी तो हसला. तो गेल्यावर त्यांनी शिवणीत दाबून ठेवलेली कापडाची माया सोडली आणि पोशाख इंचभर सैल केला.

पुढे मग निभवत राहावं लागलं. सहाव्या भागाला शिवणीतलं जास्तीचं कापड संपलं, तेव्हा त्यांनी काखेपासून कमरेपर्यंत दोन्ही बाजूंना काळी पट्टी जोडली. वर्तमानपत्रांनी नव्या डिझाइनचं तोंडभरून कौतुक केलं. हिरोच्या घरच्या पँटीही मावशीच शिवत, त्यामुळे चोरी पकडायला तिसरं कुणी उरलंच नाही. माहीत होतं ते फक्त त्यांच्या सुनेला, कारण पट्ट्या तिनेच शिवल्या होत्या.

नवव्या भागाचे कागद घेऊन निर्मातेसाहेब सकाळीच डोकावून गेले. "मावशी, दुपारी येतोय तो. तुमचं बत्तीस झालं की सही. या वेळी शहर संपूर्ण कोसळणार आहे."

ते गेल्यावर सून मशिनवरून म्हणाली, "दर वेळी कोसळतं आणि पुढच्या भागापर्यंत नवंकोरं उभं राहतं. कंत्राटदार कोण आहे ते विचारा तरी, आई. आपलं छत गळतंय."

मावशींना हसू आलं, पण आज पुन्हा खोटं बत्तीस म्हणायचं होतं. नववा भाग म्हणजे चारही मशिनांना वर्षभराचं काम. शिवाय आपल्यावाचून कुणाचं अडतं, या गोष्टीची त्यांना चटक लागली होती.

हिरो आला, आरशासमोर उभा राहिला, हात वर केले. उजवा गेला. डावा खांद्यापाशीच थांबला.

"काय रे हे?"

"मागच्या भागातली उडी. होईल बरा." तो आरशात बघून हसला. "या खेपेला तीस फुटांवरून आहे. डॉक्टर म्हणतात थांबा. घरी बायको म्हणते पुरे. मी दोघांना सांगितलं, शरीर अजून तेच आहे. मावशीची वही खोटं बोलत नाही."

मावशींनी टेप खाली घेतला. आजवर त्यांना वाटत आलं होतं की आपण फक्त लाड करतोय. या माणसाने डॉक्टरांपेक्षा आपल्या वहीवर भरवसा ठेवलाय, आणि उद्या तो तिच्याच जोरावर तीस फुटांवरून उडी टाकणार आहे, हे आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सुनेने मशिन थांबवलं होतं. तिने 'सांगा' अशी मान हलवली.

मावशींनी टेप कमरेभोवतून पुढे आणून त्याच्या हातात दिला. "आज तू वाच."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "साडेसदतीस. टेप आटलाय का?"

"टेप तोच आहे. वही खोटी आहे."

"कधीपासून?"

"तुझी आई गेली तेव्हापासून."

त्याने टेप टेबलावर ठेवला. मग स्टूल ओढून त्यावर बसला. मावशींना वाटलं, आता हा उठून जाईल तो पुन्हा या दारात येणार नाही.

"म्हणजे," तो हळूच म्हणाला, "मी सगळीकडे मुलाखती देत सुटलो होतो की हा व्यायामाचा गुण आहे."

सुनेला हसू आवरेना. मग त्यालाही आवरलं नाही. मावशी तेवढ्या पदराने डोळे पुसत होत्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"तेव्हा सांगितलं असतंत तर मी मोडून पडलो असतो. पण नंतर सांगायला हवं होतं, ते खरं." त्याने चारही मशिनांकडे पाहिलं. "मी थांबलो तर तुमचं कसं?"

"लोक कपडे घालायचे थांबणार आहेत का?" सून म्हणाली.

संध्याकाळी त्याने निर्मातेसाहेबांना शिवणघरातच बोलावलं. नववा भाग करीन, पण तो शेवटचा. उडी नाही. आणि शेवटच्या प्रसंगासाठी मावशींनी असा पोशाख शिवायचा, ज्यात बसता येईल.

"वादळवीर बसला तर लोक काय म्हणतील?" साहेबांनी कपाळाला हात लावला.

"दमला होता म्हणतील."

साहेबांनी आठ दिवस घासाघीस केली आणि शेवटी मान्य केलं. मावशींनी नव्या पानावर साडेसदतीस लिहिलं आणि महिनाभर कापड बेतत राहिल्या. हात कसे हलके झाले होते.

सिनेमा लागला तेव्हा मावशी आणि सून तिकीट काढून लोकांत जाऊन बसल्या. शेवटी शहरातली माणसं वाचली. वादळवीर एका घराच्या पायरीपाशी आला, उभा राहिला, आणि गुडघे वाकवू लागला. मावशींनी सवयीने श्वास रोखला, शिवण कुठे टरकते का ऐकायला. तो सावकाश बसला. पाय पसरले, पाठ दाराला टेकली. काहीसुद्धा उसवलं नाही.

पुढच्या रांगेतला एक अनोळखी म्हातारा बायकोला म्हणाला, "बसला गं बिचारा एकदाचा."

मावशींनी श्वास सोडला आणि स्वतःही खुर्चीत मागे टेकून बसल्या.