नव्वद मीटर फितीवरची शाप्सुग आजी

मित्रांनो, गंजाला तुम्ही नावं ठेवता, पण माझं सगळं अंग गंजाचंच आहे. मी साठ मिनिटांची एक जुनी कॅसेट. माझ्या पोटात नव्वद मीटर तपकिरी फीत गुंडाळलेली आहे आणि तिच्यावर लोखंडाच्या गंजाचे अतिसूक्ष्म कण बसवलेले आहेत. जवळून आवाज गेला की हे कण त्याच्या चालीने रांग धरतात आणि कोणी ती रांग मोडेपर्यंत तसेच उभे राहतात.

कारखान्याचं मला काही आठवत नाही. कोऱ्या फितीला आठवण नसते. पहिली आठवण आहे ती जॉर्डन देशातल्या अम्मान शहराची. नायगावच्या खाडीकाठच्या शेतकरी घरातली यशोदा तिथे एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करायला नर्स म्हणून गेली होती. तेव्हा परदेशातली माणसं कॅसेटमध्ये बोलून घरी खुशाली धाडत. त्यासाठीच तिने मला बाजारातून आणलं.

ती म्हातारी, जानसेतआजी, सर्केशियन होती. त्या लोकांतही अनेक जमाती आहेत आणि आजीची जमात शाप्सुग. काळ्या समुद्राच्या काठावरून तिच्या पणजोबांना दीडशे वर्षांपूर्वी युद्धाने हुसकून लावलं होतं. घरदार मागे राहिलं. बोली मात्र तोंडात होती, म्हणून ती सोबत आली. आजी घरात सगळ्यांशी अरबीत बोले. यशोदा तिचे केस विंचरू लागली की मात्र ती आपल्या बोलीत शिरे.

एके दुपारी आजी यशोदाला म्हणाली, "तुझ्या आईला पाठवतेस तसा माझाही आवाज ठेव ना."

"कोणाला पाठवू, आजी?"

"ते मग बघू. आधी ठेव तर."

बटण दाबलं गेलं आणि मी थक्क झाले. त्या बोलीत स्वर जेमतेम तीन, आणि व्यंजनं पन्नासाहून अधिक. मराठीत क आणि ख आहेत. आजीच्या तोंडात नुसत्या क चीच पाचसहा रूपं होती. एक ओठ गोल करून, एक टाळूला चाटून, एक घशात खोल, तर एक सुकी काटकी मोडावी तसं. त्याच लोकांच्या इतर बोलींत झिजून गेलेले काही ध्वनी शाप्सुग बोलीने जपून ठेवले आहेत. माझे कण धावपळ करत होते. त्या अर्ध्या तासाइतकं मला पुढे कधीच कोणी पळवलं नाही.

वीस मिनिटं ती बोलली. मग दारात काठी वाजली. तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ आत आले. ऐंशी वर्षांची आजी उठून उभी राहिली आणि गप्प झाली. त्यांच्यात सासरच्या वडीलधाऱ्यांसमोर सून बोलत नाही, मग ती सून ऐंशीची का असेना. ते बसले, चहा प्यायले, गेले. पाच मिनिटं माझ्यावर फक्त काठी, कप आणि श्वास उमटत राहिले. मग आजी खाली बसली आणि तिने एक अंगाईगीत म्हटलं. तिच्या नातीला, दानाला, ती त्याच गाण्यावर निजवत असे.

यशोदा परत निघाली तेव्हा आजीने मला तिच्या हातात ठेवलं. "या घरात हे ऐकणारं कोणी उरलं नाही. तू ने." पुन्हा कोणी माझ्यावर आवाज भरू नये म्हणून यशोदाने केसांच्या आकड्याने माझ्या पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन्ही इवल्या पट्ट्या मोडून टाकल्या.

नायगावात माझी मोठी कौतुकं झाली. पाहुणे आले की मला लावत, सगळे डोळे मोठे करून ऐकत. मग घरात लग्न निघालं. लग्नविधींची पारंपरिक गाणी, म्हणजे धवला, गाणारी गोमाबाय फार थकली होती. यशोदाचे थोरले दीर दयाराम म्हणाले, "ही बाय गेली का धवला कोन गानार? भरून ठेवा." त्यांनी मला पुढे पळवत लावून पाहिलं, तर नेमकी ती गप्प पाच मिनिटं लागली. "पुढं कोरी हाय," म्हणत त्यांनी पुन्हा आवाज भरता यावा म्हणून माझ्या पाठीवरच्या भोकांवर चिकटपट्टी लावली.

यशोदा चार पावलांवर उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. मांडव माणसांनी भरला होता आणि समोर थोरले दीर होते. गोमाबाय गाऊ लागली. माझे कण एकेक करून वळले. पाच मिनिटांनी वीज गेली आणि मी थांबले.

त्यानंतर यशोदाने मला बिस्किटांच्या डब्यात घातलं. गाणं पुसलं गेलं अशीच तिची समजूत होती आणि ते पुन्हा ऐकायचं धाडस तिला झालं नाही. डब्यात पंचवीसहून अधिक पावसाळे गेले. खाडीच्या दमट हवेने माझ्यावर पांढरी बुरशी धरली. बाहेर भातशेतीच्या जागी मोठमोठे टॉवर उभे राहिले.

यंदा दानाचा निरोप आला. कुठल्याशा जुन्या पत्त्यावरून तिने यशोदाला शोधून काढलं होतं. तिला मुलगी झाली होती. आजीची बोली बोलणारं घरात आता कोणीच नव्हतं. ते अंगाईगीत तुमच्याकडे आहे का, एवढंच तिने विचारलं होतं.

यशोदाची सून हेमांगी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. तिने मला भिंगाखाली पाहिलं, कोरड्या मऊ कापडाने इंच इंच पुसलं आणि माझी फीत नव्या प्लास्टिकच्या कवचात बसवली. चिकटपट्टी लावलेली माझी जुनी पाठ मात्र तिने टाकली नाही. मग दुपारी दानाला व्हिडिओ कॉलवर समोर घेऊन बटण दाबलं.

आजी बोलली. दाना हलली नाही. काठी वाजली तशी ती उठून उभी राहिली. काठीवाले ते थोरले आजोबा जाऊन वीस वर्षं झाली होती. तिला पाहून इकडे यशोदाही उठली. मग धवला सुरू झाला.

"ही त आपली गोमाबाय," दयाराम खुर्चीतून म्हणाले. ते आता पंच्याऐंशीचे आहेत.

धवला खटकन तुटला आणि मागून आजीचा आवाज आला. गाण्याचं शेवटचं कडवं शिल्लक होतं. दानाने हळूच विचारलं, "आणि पहिलं?"

यशोदाने बटण दाबून मला थांबवलं. मग दिराकडे वळून म्हणाली, "भावजी, तवा त्या जागी गानं होतं. मना म्हाईत होतं."

"मंग बोललीस का नाय?"

"तुम्ही थोरले."

"थोरला होतो, देव नव्हतो." त्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. "गा आता. मी पन ऐकतंव."

अम्मानमध्ये चार वर्षं रोज ऐकलेलं ते कडवं यशोदाने गायलं. तिच्या तोंडून ते काटकी मोडणारे ध्वनी निघेनात. सगळे क सारखेच येत होते. तेव्हा पलीकडून दाना तिच्या मागोमाग म्हणू लागली. तिला त्या बोलीतलं एक वाक्य येत नव्हतं, तरी प्रत्येक क आपापल्या जागी पडत होता. पाळण्यात असताना ऐकलेलं इतकी वर्षं तिच्यात कुठे रांग धरून उभं होतं? गंजाचं काम मी जाणते, मित्रांनो. हे कोणत्या फितीवर होतं, ते मात्र मला सांगता येत नाही.

दयारामांनी माझी जुनी पाठ मागून घेतली. त्यांनी लावलेली पिवळी पडलेली चिकटपट्टी नखाने खरवडून काढायला त्यांना अर्धा तास लागला. हेमांगीने मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी ती पाठ तिच्या हाती दिली नाही.

मला जपलंत तर बरंच. पण तुमच्या घरातलं एखादं म्हातारं माणूस बोलता बोलता थांबलं, तर पुढे कोरं आहे असं समजू नका. पाच मिनिटं बसून राहा. गाणं बहुधा त्यानंतर असतं.