याडी

किशन चव्हाण साथीदारांची यादी देत नव्हता म्हणून त्याला मारत होते, आणि मारलं की तो यादीचंच नाव घेत होता. पथकाला एवढं पुरेसं होतं. ज्याच्या तोंडून बेसावध क्षणी ‘यादी’ निघते, त्याच्याकडे ती असणारच.

शहरातून आलेल्या त्या खास पथकानं ठाण्यामागचं रिकामं क्वार्टर ताब्यात घेतलं होतं. ठाण्यातल्या कुणी तिकडे फिरकायचं नाही, असा हुकूम होता. अपवाद फक्त हवालदार मारोतरावांचा. मारताना किशनचे पाय धरून ठेवायला त्यांना बोलावत. परत आले की ते नळावर कोपरापर्यंत हात धूत, सुपारी कातरत आणि यंदा तुरीला शेंगा कशा धरल्यात ते सांगत बसत.

दूरच्या एका शहरात बसस्थानकावर स्फोट झाला होता. एका लग्नाच्या वऱ्हाडातली निम्मी माणसं गेली होती. दुसरा बॉम्ब कुठंतरी आठवडी बाजारात फुटणार, अशी खबर होती. किशन विहिरीच्या कामावर सुरुंग भरायचा. अनसिंगच्या पुढच्या तांड्यावर त्याच्या पत्र्याच्या पेटीत जिलेटिनच्या कांड्या सापडल्या. त्या ज्याच्या परवान्यावर आल्या होत्या, त्या ठेकेदारानं या नावाच्या कुणाला आपण ओळखत नसल्याचं हसतमुखानं लिहून दिलं.

शीला राठोड ही त्या आठवड्यात ठाण्यात हजर असलेली एकटीच महिला शिपाई. दुसरी बाळंतपणाला गेली होती. चहावाल्याला आत सोडायचं नाही म्हणून किटली शीलाच्या हाती आली, आणि त्या निमित्तानं ती पहिल्यांदा क्वार्टरच्या दारापर्यंत गेली. आत पट्टा वाजला. मग आवाज आला. तोंडात कापड होतं, पण शब्द कळत होता.

“ऐकलंत?” पथकाचे प्रमुख जगदाळे साहेब आपल्या माणसाला म्हणाले. “पुन्हा यादीच.”

जगदाळे साहेब आवाज चढवत नसत. सगळ्यांना अहो-जाहो करत, किशनलासुद्धा. दर खेपेला मारून झालं की त्याला खोलीत चालायला लावत, तळव्यांची सूज उतरावी म्हणून. “चला किशनराव, जरा फेरी मारू,” असं म्हणत आणि खरोखरच त्याच्या बाजूनं दोन पावलं चालत. मग विचारत, यादी कुठे आहे. किशन शुद्धीवर असला की वऱ्हाडीत म्हणे, “कायची यादी साहेब?” आणि ते खरंच होतं. ओरडताना आपण काय ओरडतो, ते त्याला आठवत नव्हतं.

शीला किटली घेऊन परत आली आणि कपात चहा ओतायचा सोडून उभी राहिली. तिला जे ऐकू आलं होतं, ते यादी नव्हतं. तीही तांड्यावर वाढली होती, कामरगावकडच्या. घरात पाय ठेवला की तिची पहिली हाक तीच असायची. पोलीस प्रशिक्षणाला गेल्यावर इतर मुलींसमोर फोनवर ‘आई’ म्हणायची सवय लावून घेतली, तेव्हा पलीकडून तिच्या आईनं विचारलं होतं, कोण बोलतंय.

माणूस एका अक्षराच्या चुकीसाठी मार खातोय, हे तिला सहन होईना. आणि तिला वाटलं, चूक दाखवली की मार थांबेल. अंकगणितात चूक सापडली की उत्तर बदलतं, तसं.

दुपारी जगदाळे साहेब ओसरीवर पपई खात बसले होते, तेव्हा ती पुढे झाली.

“साहेब, तो यादी म्हणत नाही. याडी म्हणतो. आमच्या गोरमाटीत याडी म्हणजे आई.”

साहेबांनी सुरी बशीत ठेवली. मग त्यांनी तिचं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, आणि अगदी मनापासून आभार मानले. म्हणाले, इतके दिवस आम्ही भलत्याच वाटेनं चाललो होतो, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. शीलाचा जीव भांड्यात पडला.

“म्हणजे इतकं मारलं तरी तो आईला हाका मारतो,” साहेब म्हणाले. “जिवंत आहे का ती?”

पथकातल्या माणसानं आतून किशनचे कागद आणले आणि वाचून दाखवलं. आई हिरीबाई, राहणार तांडा.

“तुम्हीच जा जीप घेऊन,” साहेब म्हणाले. “भाषा येते, बाईमाणूस आहात. घाबरणार नाही ती.”

जीपपाशी मारोतराव उभे होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सुपारी थुंकली.

“काहून बोलली वं तू, शीलाबाई? मले पैल्याच दिवशी समजलं होतं. आमच्या वावराले लागून तांडा हाय, लहानपणापासून आयकून राह्यलो. म्हणून तं चूप होतो.” त्यांनी अडकित्ता खिशात टाकला. “यादी धुंडत होते तवरी एकट्याचं मरण होतं.”

हिरीबाई कापूस वेचून नुकतीच परतली होती. पोलिसांची जीप पाहून तांड्यातले पुरुष घरामागे सरकले, पण जीपमधून उतरलेली बाई गोरमाटीत बोलते हे पाहून ती धीरानं पुढे आली. मुलाला भेटायला नेताय का, एवढंच तिनं विचारलं. शीला हो म्हणाली. हिरीबाईनं दोन भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला.

वाटेत ती बोलत राहिली. किशनला हे सुरुंगाचं काम तिनं कधी करू दिलं नसतं. तिचा दीर बाबूसिंग त्याच कामात गेला. उशिरा उडालेल्या सुरुंगानं विहिरीतच गाडला. वर काढला तेव्हा फक्त कमरेच्या करदोट्यावरून ओळखू आला. किशन तेव्हा काठावर उभा होता. तरी पुढच्याच वर्षी तो त्याच ठेकेदाराकडे गेला, कारण ऊसतोडीला जाऊन जाऊन त्याचा मोठा भाऊ विनोद कमरेतून वाकला होता. आता विनोदचं लग्न झालं आहे, सून पोटुशी आहे. हे सगळं ती आपुलकीनं सांगत होती, आपल्याच माणसाला सांगावं तसं. शीला खिडकीबाहेर पाहत होती.

किशनच्या शेजारच्या खोलीत हिरीबाईला बसवलं. मधली भिंत एकेरी विटेची होती. साहेबांनी भाकरीचं गाठोडं स्वतःच्या हातानं कोनाड्यात ठेवलं, मुंग्या लागू नयेत म्हणून, आणि शीलाला बाहेर बोलावून पट्टा दिला. मशीनच्या जुन्या पट्ट्याचा तुकडा होता, एका टोकाला लाकडी मूठ.

“बाईमाणसाला बाईनंच हात लावायचा, असा नियम आहे. मी नियम मोडत नाही.”

शीला म्हणाली की हे तिच्यानं होणार नाही. साहेब रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावलं. पुढचा बाजार अनसिंगचा असेल तर? तुमच्या ओळखीच्या किती जणी तिथं पाटी घेऊन बसतात? एका बाजूला एका बाईची पाठ, दुसऱ्या बाजूला त्या सगळ्या. कायद्यात हे बसत नाही हे मलाही कळतं, पण कायदा करणाऱ्यांनाही बाजारात भाजी लागते. मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

“मारूच नका हवं तर. जमिनीवर मारा. ती ओरडली पाहिजे, बस. तुमच्यानं नाहीच झालं तर माझी माणसं आहेत. मग मी नियमाचं बघून घेईन.”

हे ऐकून शीलाला वाट सापडल्यासारखी झाली. ती आत गेली, हिरीबाईच्या कानाशी वाकली आणि गोरमाटीत सांगितलं की मी जमिनीवर मारते, तू फक्त मोठ्यानं ओरड, तुला काही होणार नाही. पहिला फटका तिनं फरशीवर मारला. भिंतीपलीकडे एकदम सामसूम झाली.

हिरीबाई ओरडली नाही. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

शीलानं पुन्हा विनवलं. हिरीबाईनं बोळा काढून हळूच सांगितलं की तिकडे माझं लेकरू आहे ना, आताच त्याचा कण्हण्याचा आवाज मी ऐकला. मी ओरडले तर त्याला ऐकू जाईल. आणि तिनं बोळा परत दातांत धरला.

दारात पथकातले दोघं येऊन उभे राहिले होते. एकानं बाह्या सरसावल्या. दुसरा हसून म्हणाला, “मॅडमच्यानं होत नाही. सरका मॅडम.”

शीलानं पट्टा उचलला आणि हिरीबाईच्या पाठीवर मारला. पहिला फटका हलका होता. दुसरा नव्हता. बोळा सुटेना म्हणून तिनं तो ओढून काढला, आणि मग ती मारत सुटली. घाईघाईनं, दात आवळून, जणू ही बाई हट्टानं तिचाच जीव घेत होती. ओरड, ती गोरमाटीत म्हणत होती, ओरड ना, ओरड. हातावर फटका बसला तेव्हा हिरीबाईचं बोट मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला.

तेव्हा ती म्हातारी ओरडली. तिची स्वतःची जी आई कधीच मातीत गेली होती, तिला तिनं हाक मारली.

“याडीऽ”

भिंतीपलीकडून किशन वऱ्हाडीत ओरडला की थांबा, देतो, यादी देतो.

साहेब लगेच तिकडे गेले. बराच वेळ त्यांचा हळू, समजावणीचा आवाज आणि मधूनमधून किशनचा आवाज येत राहिला. शीलानं हिरीबाईला पाणी पाजायचा प्रयत्न केला. हिरीबाईनं तोंड फिरवलं. कोनाड्यातल्या गाठोड्याकडे बोट करून तिनं फक्त एवढंच विचारलं की आता तरी ते त्याला द्याल का.

संध्याकाळच्या आत साहेब कागद घेऊन ओसरीवर आले. मारोतराव जीपमध्ये डिझेल भरून आले होते. साहेबांनी शीलाला खुर्ची दिली.

“तुमच्याकडची नावं आहेत. पुन्हा अक्षराची चूक नको.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. “यांचा म्होरक्या, सगळं सामान त्यानंच दिलं म्हणतो. बाबूसिंग. ओळखता?”

किशननं आधी मेलेल्याचं नाव दिलं होतं. त्याच्याखाली, आणखी विचारल्यावर, जिवंत माणसांची दिली होती. विनोद. सेवालाल. राजपाल. शीलाला कागद उलटा दिसत होता, तरी तिनं सगळी नावं वाचली. बाबूसिंग विहिरीत गाडला गेलाय, एवढं एकच वाक्य बोललं की सगळी यादी खोटी ठरत होती. आणि यादी खोटी ठरली की तो पट्टा, जो अजून आतल्या खोलीत फरशीवर पडला होता, पुन्हा तिच्याच हातात येणार होता.

तिनं मारोतरावांकडे पाहिलं. ते सुपारी कातरत होते.

“नाही साहेब,” ती म्हणाली. “ओळखत नाही.”

“बरं. बाबूसिंगमधला बू कसा? ऱ्हस्व की दीर्घ?”

“दीर्घ,” शीला म्हणाली.